नाताळच्या ऑर्डरी, शंभर रुपयांची नोंदणी आणि लोकरीच्या टोप्या

घरी केक करून ओळखीपाळखीत विकायचा, असं मनात असलेल्या बायका इंदूरच्या प्रत्येक कॉलनीत सापडतील. माझ्याही मनात ते कधीचं होतं. नोकरी, दोन मुलं, घरात सासू-सासरे, त्यात आणखी सरकारी कागद कोण करणार, या धास्तीने दर नाताळ तसाच निघून जायचा. 2024 च्या नाताळात मात्र ठरवून केलं. नोंदणी काढली, प्लम केक विकले आणि सासूबाईंच्या मदतीने लोकरीच्या टोप्याही विणून दिल्या. 2025 च्या जानेवारीत, सगळं आवरल्यावर, हे लिहायला बसले. ऑक्टोबरात मला असंच कुणीतरी तारीखवार लिहिलेलं हवं होतं आणि मराठीत ते कुठे मिळालं नाही.

आम्ही सुदामा नगरात राहतो. लेक तिसरीत, धाकटा चार वर्षांचा. मी पलासियाला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. सकाळी साडेपाचला उठायचं, डबे, सातला लेकीची व्हॅन, मग धाकट्याचं आवरणं, साडेनऊला घर सोडायचं, संध्याकाळी सातच्या आत परत. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या दिवशी टाक्या भरणं आणि धुणं. यातलं काही हलवता येण्यासारखं नव्हतं. म्हणून ऑक्टोबरात एका रविवारी मी आठवड्याचे तास कागदावर मांडले आणि कुठे काय बसतं ते पाहिलं. तेव्हा जे लक्षात आलं त्यावर पुढचे दोन महिने चालले: विणकाम तुटक वेळेत होतं, केक मात्र सलग वेळ मागतो. बसमध्ये, डान्स क्लासच्या बाहेर, धाकट्याला झोपवताना सुया चालतात, मधेच थांबलं तरी काही बिघडत नाही. केकचं तसं नाही. एकदा सोडा दह्यात पडला की पुढचा दीड तास तुम्ही त्याचेच. बायका थकतात त्या ही दोन कामं एकाच वेळेत कोंबायला जातात म्हणून, असं माझं ठाम मत झालं आहे. मी सलग वेळ फक्त केकसाठी राखला. रात्री साडेनऊनंतरचा आणि शनिवार-रविवारच्या दुपारचा. लोकरीला त्यातला एक तासही दिला नाही.

लोकर आधी आणली, दिवाळीच्याही आधी. राजवाड्याजवळ लोकरीचं एक जुनं दुकान आहे, तिथे सासूबाईंना घेऊन गेले. आई चाळीस वर्षं विणताहेत. गड्डी हातात घेऊन, बोटाला जरा घासून, 'ही धुतल्यावर बोंडं धरेल,' असं सांगतात आणि तसंच होतं. आम्ही वर्धमानची लाल आणि पांढरी लोकर घेतली. एक सांगते, लाल लोकर लागेल तेवढी एकदमच घ्या आणि प्रत्येक गड्डीच्या पट्टीवरचा लॉट नंबर जुळतोय ना ते बघा. लॉट बदलला की रंगात किंचित फरक पडतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, टोपी उन्हात धरली की ठळक दिसतो. शिवाय डिसेंबरात लाल लोकर संपलेली असते, कारण शाळांच्या कार्यक्रमांसाठी सगळ्यांना तीच हवी असते.

टोपीचा हिशेब आईंनी बसवून दिला. चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी मध्यम जाडीची लोकर, 96 टाके. 10 नंबरच्या सुयांवर दोन सुलट, दोन उलट अशी सहा सेंटिमीटर पट्टी, ती पांढरी. मग 8 नंबरच्या सुया, लाल लोकर, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, एकूण उंची सोळा सेंटिमीटर होईपर्यंत. पुढे घट. 96 ला 8 ने भाग जातो म्हणून बारा-बारा टाक्यांचे आठ भाग पाडायचे, दर सुलट ओळीत प्रत्येक भागाचे शेवटचे दोन टाके एकत्र विणायचे. आठ-आठ टाके कमी होत शेवटी सुईवर आठच उरतात, त्यातून धागा ओवून घट्ट ओढायचा, शिवण घालायची आणि वर पांढरा गोंडा. एका टोपीला पन्नास-साठ ग्रॅम लोकर लागते, म्हणजे साधारण पन्नास रुपयांची. आम्ही टोपी अडीचशेला दिली. विणकाम विकायला खाद्यपदार्थांसारखी नोंदणी लागत नाही, त्यामुळे टोप्यांचं काम नोव्हेंबरात लगेच सुरू करता आलं. महू नाक्यावरून बसमध्ये जागा मिळाली की पलासियापर्यंत पट्टीच्या दोन-चार ओळी व्हायच्या. शेजारी बसलेल्या बायका हमखास विचारायच्या, 'क्या बना रही हो?' पहिल्या काही ऑर्डरी मला अशा बसमध्येच मिळाल्या.

आता नोंदणी.

घरून विकलं तरी खाद्यपदार्थ विकायचा म्हणजे अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 लागू होतो. छोट्या व्यवसायाला परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. मी अर्ज केला तेव्हा वर्षाची उलाढाल 12 लाखांच्या आत असणाऱ्यांसाठी ती होती आणि फी वर्षाला 100 रुपये. अर्ज एफएसएसएआयच्या, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, फॉसकॉस या संकेतस्थळावर भरायचा. ऑक्टोबरात मी घराजवळच्या एका ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याकडे चौकशी केली तर त्याने दीड हजार सांगितले. शंभर रुपयांच्या कामाला दीड हजार ऐकून खरं तर बरंच वाटलं, कारण त्यामुळे स्वतः भरायचं पक्कं झालं. नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा तुम्ही अर्ज कराल त्या दिवशी संकेतस्थळावर जे लिहिलं असेल तेच धरा.

भाऊबीज 3 नोव्हेंबरला झाली. 5 तारखेला, मंगळवारी, मुलं झोपल्यावर लॅपटॉप उघडला. आधी स्वतःच्या नावाने खातं उघडायचं. मोबाइल आणि ई-मेल तोच द्या जो तुम्ही रोज बघता, कारण पुढचा सगळा पत्रव्यवहार त्यावरच होतो. मग राज्य निवडायचं, कामाचा प्रकार निवडायचा. तिथे यादी लांबलचक आहे आणि इंग्रजीत आहे, घाबरायला होतं. मी शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचली. मी पदार्थ स्वतः बनवणार होते, म्हणून छोटे उत्पादक हा भाग घेतला. दुसऱ्याचा माल आणून विकणाऱ्यांचा भाग वेगळा असतो. त्यातही तेव्हाच्या नियमाने दिवसाला 100 किलोच्या आत उत्पादन असेल तरच नोंदणीवर भागायचं. घरच्या ओव्हनमध्ये शंभर किलो केक कुणाचा होत नाही, त्यामुळे ती काळजी नको.

कागद तीनच लागले: पासपोर्ट आकाराचा फोटो, आधार कार्ड आणि जिथे पदार्थ बनणार त्या जागेचा पुरावा, म्हणजे आमच्या घरचं लाइट बिल. फोटो आणि बिल आधीच फोनवर स्वच्छ स्कॅन करून, ठरवून दिलेल्या आकारात बसतील असे लहान करून ठेवले होते. ही तयारी झालेली असली की अर्ज तासाभरात भरून होतो. पैसे यूपीआयने भरले, पावतीवर अर्जाचा क्रमांक आला, तो मी वहीत लिहून घेतला आणि फोनमध्ये त्याचा फोटोही ठेवला. वर्षं किती हवीत असाही रकाना होता. पहिल्यांदाच करत होते, म्हणून एकच वर्ष घेतलं.

तेव्हा नियम असा होता की अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीला येणार असल्याचं कळवायचं. तपासणी ठरली तर तीस दिवसांत निर्णय द्यायचा. हे वाचल्यावर मी तपासणीच्या तयारीला लागले. स्वयंपाकघरातलं एक कपाट पूर्ण रिकामं केलं, फक्त केकच्या सामानासाठी. झाकणाचे डबे, केस झाकायला टोपी, वेगळे हातरुमाल, ओट्याखाली झाकणाची कचरापेटी. इंदुरात ओला, सुका आणि बाकीचा कचरा वेगवेगळा देण्याची सवय घराघरात आहे, त्यामुळे ते नव्याने करावं लागलं नाही. ही सगळी आवराआवर धाकट्याला फार आवडली. रिकाम्या कपाटात तो बराच वेळ बसून होता.

10 तारखेला, रविवारी, सुकामेवा भिजत घातला. नोंदणी येवो न येवो, घरच्यांसाठी केक होणारच होता. सामान आदल्या दिवशी सियागंजातून आणलं. घाऊक बाजार आहे, पण अर्धा-एक किलोही देतात. शनिवारी दुपारी गर्दी जरा कमी असते आणि गाडी लांब लावून चालत गेलेलं बरं. काळे मनुके, बेदाणे, खजूर, अंजीर, जर्दाळू, थोडी क्रॅनबेरी, टूटीफ्रूटी. वर काजू-बदाम, ते भिजवायचे नाहीत. सगळं बारीक चिरून ताज्या संत्र्याच्या रसात, काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. रममध्ये भिजवलेला मेवा बाहेर महिनोन्‌महिने टिकतो, रसातला बाहेर टिकत नाही, म्हणून फ्रिज हवाच. दोन दिवसांआड स्वच्छ कोरड्या चमच्याने वरखाली करत राहायचं. हे काम लेकीने मागून घेतलं.

सोमवारी, 11 तारखेला, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एसएमएस आला. अर्जावर शंका काढली होती: जागेचा पुरावा अर्जदाराच्या नावावर नाही. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर आहे, घरही त्यांचंच. पोटात गोळा आला. आता संपलं, यंदाचा नाताळ गेला, असं वाटून डबा तसाच ठेवला. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, 'एवढंच ना? संमती मागताहेत, देऊ.' त्यांनी चष्मा लावला, आधी एका कागदावर कच्चा मजकूर केला, मग कोऱ्या कागदावर शाईच्या पेनने सुवाच्य उतरवला. हिंदीत, कारण मध्य प्रदेशात सरकारी कागद हिंदीतच. घर माझ्या मालकीचं आहे, अर्जदार माझी सून असून याच पत्त्यावर राहते, तिने घरी केक-बिस्किटं बनवून विकायला माझी हरकत नाही, एवढाच मजकूर. खाली सही, तारीख, सोबत त्यांच्या आधारची प्रत. सही करताना त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ते मला फार मोलाचं वाटतं. त्याच रात्री स्कॅन करून अपलोड केलं.

सासरच्या घरात राहणाऱ्या बहुतेक बायकांचं बिल आपल्या नावावर नसतं. तेव्हा हे संमतीपत्र पहिल्याच अर्जाबरोबर जोडा, वेळ वाचेल. आणि शंका आली तर ती पडून राहू देऊ नका. ठरलेल्या मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज बाद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो.

14 तारखेला दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. काय काय बनवणार, पाणी कुठलं, कामाला माणसं आहेत का, घरात पाळीव प्राणी आहे का, असे साधे प्रश्न. मी खरं ते सांगितलं: केक आणि बिस्किटं, नर्मदेचं पाणी गाळून, माणसं नाहीत, प्राणी नाही. शेवटी 'लेबल ठीक से लगाइएगा' एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. घरी कुणी आलं नाही. पुढच्या दिवसांत मी रोज सकाळी डबे भरायच्या आधी अर्जाची स्थिती बघायचे. तो आठवडा लांबलचक गेला. त्या वाट पाहण्यात टोप्या मात्र भराभर झाल्या. 20 नोव्हेंबरला, बुधवारी, पीडीएफ आली. माझा फोटो, माझं नाव, 14 आकडी क्रमांक. प्रिंट काढून लॅमिनेट केली, तीस रुपये लागले, आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी लावली. प्रमाणपत्र जिथे काम चालतं तिथे दिसेल असं लावायचं असतं.

लेबलचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळखाऊ निघालं. लेबलवर पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, बॅच, नाव-पत्ता, एफएसएसएआयचं चिन्ह आणि क्रमांक हे सगळं हवं. गहू, दूध, काजू-बदाम यांसारख्या ॲलर्जीच्या गोष्टी वेगळ्या लिहायच्या. भाषा इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी. मराठी वरून जोडता येते, पण नुसती मराठी चालत नाही. मी हिंदीत केलं. बिनअंड्याचा केक, म्हणून हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका. अंडं घातलं तर तपकिरी त्रिकोण लागतो. दोघा-तिघांनी अंड्याचा केक मागितला होता. आमच्याकडे मार्गशीर्षात गुरुवार असतात, ओव्हन एकच, भांडी तीच, म्हणून मी नम्रपणे नाही म्हणाले. त्यांनी बिनअंड्याचा नेला आणि आवडल्याचं कळवलंही. लेबलं स्टिकरवर छापून एक तीन रुपयांना पडलं. खोके सियागंजाच्या बाजूला एका पॅकिंगवाल्याकडून आणले, अठरा रुपयांना एक.

केकची कृती माझी एकटीची नाही. दोन गल्ल्या सोडून एक मावशी राहतात, मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. त्यांच्याकडे नाताळला केकबरोबर करंज्या आणि शंकरपाळेही असतात, आणि दिवाळीचं आमचं ताट त्यांच्याकडे गेलं की नाताळला त्यांचं येतं. नोव्हेंबरच्या शेवटी पहिला केक करून पाहायचा होता तेव्हा त्यांना घरी बोलावलं. केकचा रंग कॅरामलवर ठरतो आणि मला त्याचीच भीती होती. मावशी शेगडीपाशी उभ्या राहिल्या. जाड बुडाच्या पातेल्यात साखर कोरडीच, मंद आचेवर. कडा वितळल्या, मग रंग मधासारखा, मग तांबूस. मी गॅस बंद करायला हात पुढे केला तर म्हणाल्या, 'थांब गं, अजून नाही. आत्ता काढलंस तर केक पांढराच राहील.' साखर गडद तपकिरी होऊन कडेला बारीक फेस आला, धूर निघायच्या बेतात आला, तेव्हा त्यांनी गॅस बंद करायला लावला. 'आता गरम पाणी घाल. मागं सरून घाल.' पाणी पडताच पातेलं फुसफुसलं, वाफेचा लोट आला. गार पाणी घातलं तर साखर उसळून अंगावर येते आणि मुलं आजूबाजूला असतील तर ते फार धोक्याचं आहे. हे काम मी नेहमी मुलं झोपल्यावरच केलं. सरबत गार झाल्यावर काळ्या चहासारखं दिसलं पाहिजे. ते बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं की आठवडाभराच्या केकना पुरतं.

25 नोव्हेंबरला ऑर्डरी घ्यायला लागले आणि 15 डिसेंबरला बंद केल्या. ही बंद करायची तारीख पहिल्याच निरोपात लिहा. माझा ओव्हन एका वेळी अर्ध्या किलोचे दोन साचे घेतो, 150 अंशावर पासष्ट-सत्तर मिनिटं. म्हणजे एका रात्रीत दोन घाणे, चार केक, बारा-साडेबारापर्यंत. दह्याचा, रसातल्या मेव्याचा केक मी सात दिवसांच्या वर ठेवायला सांगत नाही, त्यामुळे 17 तारखेच्या आधी भट्टी लावण्यात अर्थ नव्हता. 17 ते 23 या दिवसांत किती होतील ते मोजलं आणि आकडा आला चाळीसच्या आसपास. त्यापुढे आलेल्यांना पुढच्या वर्षी म्हणून सांगितलं. मैत्रिणीला नाही म्हणताना जिवावर आलं, पण सांगितलं.

मधल्या दिवसांत घरचं सगळं होतंच. 7 डिसेंबरला चंपाषष्ठी, भरीत-रोडग्यांचा नैवेद्य. 14 तारखेला दत्तजयंती, संध्याकाळी घरी पंधरा माणसं. लेकीची सहामाही परीक्षा त्याच पंधरवड्यात आली. तिचा अभ्यास नवऱ्याने घेतला, पाढे मात्र माझ्याकडे. मी मैदा, सोडा, दालचिनी-जायफळ चाळत असायची आणि ती ओट्याला टेकून सतराचा पाढा म्हणायची. शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात तिला परी व्हायचं होतं. तिच्यासाठी टोपी आईंनी विणली, पांढरी शुभ्र, चंदेरी धागा घालून. मला त्या आठवड्यात तिच्याकडे पुरेसं बघता येत नाही याचं वाईट वाटायचं. एका रात्री तेच आईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'ती रोज ऑफिसातून आलेल्या आईला काहीतरी करताना बघतेय. बघू दे.'

थंडीचा त्रास मात्र खराखुरा होता. डिसेंबरात इथे रात्री चांगलाच गारठा पडतो. लोणी दगड होतं, दही लागत नाही, आंघोळीचं गरम पाणी संपलेलं असतं. लोणी दुपारीच बाहेर काढून ठेवायला आईंना सांगून जायचे. दही कणकेच्या डब्यात ठेवून लावायचं. लोणी नीट मऊ झालं नसेल तर साखरेबरोबर फेटताना ते दाणेदारच राहतं आणि केक घट्ट होतो, तेव्हा घाई करू नका, पातेलं कोमट पाण्यावर धरा आणि पुन्हा फेटा.

18 तारखेला रात्री पावणेअकराला लाइट गेली. ओव्हनमध्ये दोन केक, अर्धे झालेले. मी दार उघडलं नाही. अंधारात ओव्हनजवळ पाट टाकून बसले, हातात टोपी होती, सुलट ओळ अंधारातही विणता येते. वीस मिनिटांत लाइट आली. वेळ वाढवून दिली, एक केक व्यवस्थित निघाला, दुसरा मधे किंचित बसला. तो विकला नाही, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डब्यात गेला. लाइट गेली तर दार बंदच ठेवायचं, आतली ऊब बराच वेळ टिकते.

21-22 तारखेचे शनिवार-रविवार दिवसभर भट्टी चालू होती. रविवारी सकाळी नवरा पोहे-जलेबी घेऊन आला, दुपारी आईंनी खिचडी टाकली, स्वयंपाकघर माझ्याकडे राहिलं. पूर्ण गार झाल्याशिवाय केक खोक्यात भरायचा नाही, नाहीतर आत घाम धरतो आणि दोन दिवसांत बुरशी येते. मी रात्रभर जाळीखाली ठेवून सकाळी लेबलं लावायचे. सोमवारी ऑफिसातून सुट्टी घेतली. पोचवण्याचं काम मंगळवारपर्यंत चाललं. स्कूटरवर एका वेळी सहा खोके, दोन पिशव्यांत, पायाशी. लांबच्यांना मी आधीच सांगितलं होतं की पलासियाला ऑफिसच्या खाली येऊन न्या. मावशींचा केक शेवटी नेऊन दिला, त्यांच्या नातवाच्या टोपीसकट. त्यांनी कापून तिथेच एक फोड खाल्ली, जरा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, 'जायफळ थोडं कमी घाल, बाकी रंग बरोबर आलाय.'

पैशांचं सांगते. अर्ध्या किलोच्या केकला मेवा शंभर-सव्वाशेचा, काजू-बदाम पंचवीस-तीसचे, लोणी पंचेचाळीसचं, बाकी मैदा, साखर, दही, संत्री मिळून चाळीस, वीज सात-आठ रुपयांची, खोका आणि लेबल एकवीस. अडीचशेच्या घरात जातो. मी चारशे वीसला दिला. सुरुवातीचा खर्च म्हणजे नोंदणीचे शंभर, चार नवीन साचे, एक वजनकाटा आणि ओव्हनचा थर्मामीटर, मिळून दीड हजारांच्या आत. थर्मामीटर घ्याच. माझा ओव्हन 150 वर लावला की आत 170 असायचा, हे त्याशिवाय कधी कळलं नसतं. सगळा खर्च वजा जाता केकचे पाच हजारांच्या वर उरले. टोप्यांचे पैसे आईंच्या हातात दिले. त्यांनी त्यातून पुन्हा लोकरच आणली.

माझ्या नोंदणीची मुदत नोव्हेंबर 2025 पर्यंतची. तेव्हाच्या नियमाने नूतनीकरण मुदत संपायच्या बरंच आधी करायचं होतं, म्हणून ऑगस्टच्या पानावर नोंद करून ठेवली. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणीही करून घेणार आहे. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या बाकीच्या साइटींकडे जाऊ नका. संमतीपत्राचा मजकूर कुणाला हवा असेल तर विचारा, बाबांनी केलेला कच्चा कागद मी जपून ठेवला आहे.